तिसऱ्या चाकाची वेळ: टोकियोतील एका पाठलाग शर्यतीचे प्रकरण

3 ऑगस्ट 2021 रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या सायकलिंग स्पर्धेत, इझू येथील लाकडी ट्रॅकवर डेन्मार्कचा फ्रेडरिक माडसेन ब्रिटनच्या चार्ली टॅनफिल्डवर मागून आदळला आणि दोघेही खाली पडले. ही पुरुषांच्या सांघिक पाठलाग शर्यतीची, म्हणजे टीम परस्यूटची, पहिली फेरी होती आणि तिच्यातील विजेता सुवर्णपदकाच्या लढतीत जाणार होता. या प्रकारात दोन्ही संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी निघतात, एकाच दिशेने धावतात आणि बहुतेक शर्यतींत एकमेकांच्या जवळही येत नाहीत. तरीही एका संघाचा पहिला सायकलपटू दुसऱ्या संघाच्या तिसऱ्या सायकलपटूपर्यंत पोहोचला. तो कसा पोहोचला, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे प्रकरण मी प्रथम लिहून काढले ते चार मुलांसाठी. पणजी ते रायबंदर या मांडवीकाठच्या जुन्या बांधावर रविवारी पहाटे ही मुले माझ्याकडे सायकलिंगचा सराव करतात. बांध सुमारे तीन किलोमीटर लांब आणि सपाट आहे, आणि उजाडण्यापूर्वी तेथे वाहने तुरळक असतात. गोव्यात वेलोड्रोम, म्हणजे ट्रॅक सायकलिंगचे मैदान, नाही. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हाही ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती दिल्लीत घ्याव्या लागल्या. त्यामुळे या मुलांनी तिरका लाकडी ट्रॅक डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण एकामागे एक लागून चार जणांनी एकाच वेगाने जाणे ही या खेळातील मूळ कला बांधावरही शिकता येते, आणि त्या कलेतील सर्वांत अवघड प्रश्न आमच्यासमोर बांधावरच उभा राहिला. त्याकडे मी पुढे येईन.

नियमाचा गाभा

अंतर 4 किलोमीटर असते. 250 मीटरच्या ट्रॅकवर त्याच्या 16 फेऱ्या होतात. संघात चार जण असतात, मात्र संघाची वेळ तिसऱ्या सायकलपटूचे पुढचे चाक रेषेवरून जाते तेव्हा नोंदवली जाते. म्हणून चौथ्याने आपली सगळी ताकद संघासाठी आधीच खर्च करून बाजूला होणे हा डावपेचाचा भाग असतो आणि त्यात कमीपणा नाही. तिसऱ्याला ही मुभा नाही. पहिले दोघे कितीही लवकर पोहोचले तरी तिसरा येईपर्यंत संघ पोहोचलेला नसतो. पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये 1908 पासून आहे. महिलांची 2012 साली आली, तेव्हा ती तीन जणींची आणि 3 किलोमीटरची होती; आता तीही चौघींची आणि 4 किलोमीटरची आहे.

निकाल लागण्याचा दुसरा मार्ग म्हणजे समोरच्या संघाला गाठणे. किमान तीन सायकलपटू एकत्र असलेला संघ प्रतिस्पर्धी संघाच्या एक मीटरच्या आत आला, की त्याने तो संघ गाठला असे धरतात. सुरुवातीला दोन संघांत अर्ध्या फेरीचे, म्हणजे 125 मीटरचे अंतर असते. आजच्या जागतिक दर्जाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 18 मीटरने, हे अंतर जवळजवळ सात सेकंदांचे होते. ऑलिंपिकमध्ये पहिल्या चार क्रमांकांत असलेल्या दोन संघांमध्ये सात सेकंदांचा फरक सहसा पडत नाही. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत डेन्मार्कने 3:45.014 अशी ऑलिंपिक विक्रमाची वेळ देऊन पहिला क्रमांक मिळवला होता, आणि चौथ्या आलेल्या ब्रिटनची वेळ 3:47.507 होती. हा फरक अडीच सेकंदांचा, म्हणजे रस्त्यावर मोजला तर साधारण 45 मीटरचा. उरलेले 80 मीटर कोठून आले? माझ्या वाचनाप्रमाणे ते डेन्मार्कच्या वेगातून आलेले नाहीत. ब्रिटनचा संघ आतून तुटला, त्यातून ते आले.

आडोसा सुटल्यावर

पाठलाग शर्यतीत सर्वांत पुढचा सायकलपटू वारा कापतो आणि मागचे त्याच्या आडोशाला चालतात. 1990 च्या दशकातील मोजमापांत असे दिसले, की त्याच वेगाने जाण्यासाठी दुसऱ्याला पहिल्याच्या सुमारे 70 टक्के, तर तिसऱ्या आणि चौथ्याला सुमारे 64 टक्के ताकद लावावी लागते. आज सायकली, कपडे आणि बसण्याची ढब पुष्कळ बदलली आहे, पण आडोशाचे महत्त्व तसेच आहे. प्रत्येक जण आपल्या पाळीला पुढे येतो, ठरलेले अंतर ओढतो, वळणावरच्या चढावर वर सरकतो, बाकीचे तिघे खालून निघून जातात आणि तो उतरून शेवटच्या चाकाला लागतो. हे सगळे काही क्षणांत आणि चाकाला चाक जवळजवळ टेकवून होते.

आता तिसऱ्या माणसाची अवस्था पाहावी. तो नुकताच पुढची पाळी संपवून मागे आला आहे आणि त्याचे पाय भरून आले आहेत. चौथा आधीच बाजूला झाल्यामुळे मागून कोणी येणार नाही, विश्रांती फक्त आडोशातच मिळणार आहे. अशा वेळी पुढच्या चाकापासून एक-दोन मीटरचे अंतर पडले, तर आडोसा विरू लागतो. दमलेल्या माणसाला त्याच वेगासाठी एकाएकी पहिल्याइतकी ताकद लागते, आणि अंतर भरून काढायचे असेल तर त्याहूनही जास्त. ती त्याच्याजवळ असती तर अंतर पडलेच नसते. म्हणून या शर्यतीत एकदा सुटलेला तिसरा माणूस स्वतःच्या बळावर क्वचितच परत जोडला जातो. पुढच्या दोघांनी वेग उतरवला तरच तो सांधा जुळतो, आणि प्रत्येक फेरीचा वेळ ठरवून घेतलेल्या शर्यतीत डोके खाली घालून ओढणाऱ्या माणसाला मागे काय झाले हे पुष्कळदा कळतही नाही.

टॅनफिल्ड सुटला तो असा. त्याचे दोन साथीदार पुढे निघून गेले आणि तो एकटा वाऱ्यात उरला. मागून डेन्मार्कचा संघ त्याच्यापर्यंत आला.

आदल्या दिवसापासूनचा हिशेब

टॅनफिल्ड पात्रता फेरीत धावलाच नव्हता. ती फेरी एड क्लॅन्सी धावला होता. 2008, 2012 आणि 2016 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या क्लॅन्सीला पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे पुढे धावणे अशक्य झाले, त्याने तेथेच निवृत्ती घेतली आणि राखीव असलेल्या टॅनफिल्डला संघात घेतले गेले. टॅनफिल्ड हा कोणी नवखा नव्हता. 2018 साली याच प्रकारात जगज्जेत्या ठरलेल्या ब्रिटिश संघात तो होता. तरीही चौघांची ही गाडी शर्यतीच्या आदल्या दिवशी एक डबा बदलून तशीच धावत नाही. कोणी किती फेऱ्या ओढायच्या, कोणाच्या मागे कोणी बसायचे, कोणाचा आडोसा रुंद आहे आणि कोणाचा अरुंद, हे महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने बसवलेले असते.

त्यात त्या फेरीची मागणी काय होती, हेही पाहणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते प्रकरणाची किल्ली येथे आहे. पहिल्या फेरीत पात्रतेतील पहिला संघ चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी लढतो, आणि या दोन लढतींचे विजेते सुवर्णासाठी धावतात. बाकी सहा संघांतील सर्वांत चांगल्या दोन वेळा देणारे संघ कांस्यासाठी लढतात. ब्रिटन मैदानात उतरले तेव्हा आधीच्या लढतींचे आकडे फलकावर होते. इटलीने 3:42.307 अशा विश्वविक्रमी वेळेत न्यूझीलंडला हरवले होते आणि हरलेल्या न्यूझीलंडची वेळही 3:42.397 होती. ऑस्ट्रेलियाने पावणेचार मिनिटांच्या किंचित आत शर्यत संपवली होती. म्हणजे डेन्मार्कला हरवणे बाजूला ठेवले, तरी केवळ कांस्याच्या लढतीत जाण्यासाठी ब्रिटनला आपल्याच पात्रता वेळेपेक्षा अडीच सेकंदांहून अधिक लवकर यावे लागणार होते. सोळा फेऱ्यांत वाटले तर प्रत्येक फेरीमागे हा सेकंदाचा साधारण सहावा भाग होतो. ऐकायला तो फार वाटत नाही. परंतु या वेगाला वाऱ्याचा विरोध असा वाढतो, की वेग एका टक्क्याने वाढवायचा तर ताकद सुमारे तीन टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि ती आदल्या दिवशी पूर्ण जोर लावून धावलेल्या तिघांनी आणि ऐन वेळी आलेल्या चौथ्याने द्यायची होती.

अशा परिस्थितीत प्रशिक्षकापुढे दोनच वाटा असतात. एक म्हणजे पदकाला पुरेल असा वेग ठरवून संघाला त्यावर सोडणे आणि तो तुटण्याचा धोका पत्करणे. दुसरी म्हणजे संघ एकत्र राहील असा वेग ठरवणे आणि पदक सोडून देणे. ऑलिंपिकमध्ये पहिली वाट धरणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण ती धरली, तर तिसरा सुटल्याची जबाबदारी तिसऱ्यावर टाकता येत नाही. वेग चौघांसाठी ठरवला जातो आणि तो ज्याला सर्वांत आधी असह्य होतो, त्याच्या ठिकाणी संघ तुटतो. तो माणूस फक्त तुटण्याची जागा असतो.

माडसेनची नजर

आता आदळणाऱ्याची बाजू. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. गिअर एकच आणि तो पक्का जोडलेला, त्यामुळे चाक फिरते तोवर पाय फिरतात. वेग कमी करण्यासाठी पायांनी पेडलला मागे रोखावे लागते, नाहीतर ट्रॅकच्या चढावर वर सरकावे लागते. दोन्हींसाठी समोर काय आहे हे आधी दिसायला हवे. माडसेन डेन्मार्कच्या रांगेत सर्वांत पुढे होता आणि वाऱ्याला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून त्याचे डोके खाली होते.

मराठीत आपण म्हणतो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पाठलाग शर्यतीत मागच्याला शहाणे व्हायला वेळच नसतो. त्याची नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते, आणि पुढच्याने सर्वांसाठी पाहायचे हा त्या रांगेतील न लिहिलेला करार असतो. टॅनफिल्ड एका जागी उभा नव्हता. तोही ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पुढेच चालला होता, त्यामुळे दोघांतील अंतर एका क्षणात नव्हे, तर कित्येक सेकंदांत कमी होत गेले असणार. तेवढ्या वेळात एकदा वर पाहिले असते तर पुरले असते. समोरचा संघ इतक्या जवळ असू शकतो, ही शक्यताच डेन्मार्कच्या रांगेच्या मनात नसावी असे मला वाटते, कारण पहिल्या चारांतील संघ सहसा कोणी गाठत नाही. मान खाली घालण्याने वाचणारे शतांश सेकंद सगळेच मोजतात. नजर गमावल्याची किंमत मात्र ती चुकवावी लागेपर्यंत कोणत्याच तक्त्यात मांडली जात नाही.

निकाल लगेच लागला नाही. डेन्मार्कने टॅनफिल्डला, आणि म्हणून ब्रिटनच्या संघाला, गाठले होते असे पंचांनी अखेर ठरवले आणि डेन्मार्क सुवर्णाच्या लढतीत गेले. डेन्मार्कच्या सायकलपटूंनी नडग्यांवर लावलेल्या टेपबद्दलही त्या दिवसांत तक्रारी झाल्या आणि ती टेप वापरण्यास मनाई झाली. त्या वादाचा या प्रसंगाशी थेट संबंध नाही. नियमाच्या दृष्टीने पंचांचा निर्णय मला योग्य वाटतो. संघ म्हणजे तिसऱ्या चाकापर्यंतची रांग हे एकदा मान्य केले, की तिसऱ्याला गाठणे म्हणजे संघाला गाठणे हे ओघानेच येते. ब्रिटनला दुसऱ्या दिवशी सातव्या स्थानासाठी धावावे लागले आणि ते त्यांनी मिळवले. अंतिम लढतीत डेन्मार्क शेवटच्या किलोमीटरपर्यंत पुढे होते. तेथून फिलिप्पो गान्नाने इटलीला ओढत नेले आणि इटलीने 3:42.032 या नव्या विश्वविक्रमासह, 0.166 सेकंदांनी सुवर्ण घेतले. या वेगाला हे अंतर तीन मीटरचे असते. माडसेन आदल्या दिवशी पडला होता आणि तरीही या अंतिम लढतीत धावला, ही गोष्ट त्याच्याविषयी बोलताना विसरली जाऊ नये.

बांधावर

आमच्या बांधावर झाले ते असे. एका रविवारी चौघे मुलगे रायबंदरकडून पणजीकडे येत होते आणि मी स्कूटरवर मागे होतो. आम्ही चाकांत अर्धा मीटर अंतर ठेवतो, आणि पुढची पाळी संपलेला मुलगा डावीकडे, कडेला सरकून मागे येतो. शेवटच्या किलोमीटरमध्ये चौथा ठरल्याप्रमाणे थांबला आणि थोड्याच वेळात तिसरा सुटला. हा डिचोलीकडचा, वयाने सर्वांत लहान मुलगा. पहिले दोघे पाटोच्या बाजूला पोहोचून वळून उभे राहिले तेव्हा तो अजून बराच मागे होता. मी त्याला सर्वांसमोर बोललो. तू चाक सोडलेस म्हणून संघाची वेळ गेली, असे माझे शब्द होते. तो काही बोलला नाही.

त्या रात्री मी चौघांच्या सायकलींवरच्या मीटरच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. चौघांतला सर्वांत ताकदवान मुलगा जेव्हा जेव्हा पुढे आला, तेव्हा रांगेचा वेग ताशी 38 वरून 41-42 किलोमीटरवर गेला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पुढे आल्यावर जोर लावायचा, एवढेच त्याला ठाऊक होते, आणि ते त्याला मीच शिकवले होते. ज्या क्षणी तो पुढे येई, त्याच क्षणी नुकताच ओढून मागे आलेला लहान मुलगा शेवटच्या चाकाला लागत असे. म्हणजे सर्वांत दमलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत मोठा झटका येत होता, तोही प्रत्येक पाळीला. सातव्या की आठव्या झटक्याला तो सुटला. मी ज्याला दोष दिला होता, त्याच्या आलेखात बाकी सर्वांपेक्षा कमी चढउतार होते.

पुढच्या रविवारी मी त्याची माफी मागितली, तीही सर्वांसमोर, आणि मग टोकियोचे हे प्रकरण त्यांना सांगितले. आकडे मी वाळूवर काडीने लिहिले. ताकदवान मुलाने बराच वेळ विचार करून विचारले, "सर, मग पुढच्या दोघांनी थांबायला हवे होते का?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला सांगितले, की सुटल्यानंतर थांबून फारसे हाती लागत नाही. कांस्यासाठी लागणारी वेळ तोवर गेलेली असते, आणि उरतो तो फक्त गाठले न जाण्याचा प्रश्न. विचार करायचा तो त्याच्या दोन-तीन फेऱ्या आधीचा. तिसऱ्याने आपली पाळी अर्ध्या फेरीने कमी केली असती, किंवा एखादी पाळी सोडून मागेच बसला असता, तर सांधा टिकण्याची शक्यता होती. त्यासाठी त्याने तसे सांगायला हवे, आणि त्याला तसे सांगता येईल असे वातावरण संघात हवे. ऐन वेळी संघात आलेल्या राखीव माणसाला, तीन सुवर्णपदके मिळवलेल्याच्या जागी उभे असताना, माझी पाळी कमी करा असे म्हणणे किती जड जात असेल, याचा विचार त्या वयाच्या मुलांनी करावा अशी माझी इच्छा होती. लहान मुलगा त्यावर म्हणाला, "मला जड गेलं होतं, सर." टोकियोविषयी मी जे काही मांडले होते, त्याहून त्याचे हे वाक्य बाकीच्या तिघांना जास्त समजले असे मला दिसले.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या आहेत. पुढे येणाऱ्याने पहिली वीस पेडले मागच्याच वेगाने मारायची, जोर लावायचा असेल तर त्यानंतर. तिसऱ्याला दोन शब्द दिले आहेत. "धर" म्हणजे वेग आहे तसा ठेवा, "सोड" म्हणजे माझी पुढची पाळी मी घेणार नाही. आणि हे शब्द उच्चारल्याबद्दल कोणी कोणाला नंतर काही विचारायचे नाही. तिसरी गोष्ट टॅनफिल्डपेक्षा माडसेनकडून घेतलेली आहे: पुढच्याने प्रत्येक दहा पेडलांनंतर एकदा मान वर करून दूरवर पाहायचे. बांधावर तर हे हवेच, कारण पहाटे पाव घेऊन निघालेला पोदेर सायकलवरून कोणत्या वळणावर समोर येईल सांगता येत नाही.

टॅनफिल्ड नंतर पुन्हा उभा राहिला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या ब्रिटिश संघात तो होता, आणि त्याच्या सोबत डॅन बिगमही होता, जो टोकियोच्या वेळी डेन्मार्कच्या संघासाठी तांत्रिक काम करत होता. ऑस्ट्रेलियाने त्या स्पर्धेत विश्वविक्रम 3:40.730 पर्यंत खाली आणला आणि अंतिम लढतही जिंकली. त्या लढतीच्या अगदी शेवटी ब्रिटनचा ईथन हेटर सीटवरून घसरला आणि ब्रिटनची उरलीसुरली आशा तेथे संपली. मुलांना मी ती लढत दाखवली तेव्हा लहान मुलाने स्वतःहून पहिल्यांदा पाहिले ते पुढच्या चाकाकडे नव्हे. शेवटच्या तीन फेऱ्या त्याची नजर तिसऱ्यावर होती आणि ताकदवान मुलगा त्याच्या शेजारी बसून पाळ्या मोजत होता.

दिवाळीनंतर या चौघांना पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर नेण्याचा माझा विचार आहे. तेथे सायकलींना ब्रेक नसतील, म्हणून पहिले दोन दिवस रांग लावायची नाही, प्रत्येकाने एकट्याने फिरायचे आणि पायांनी वेग रोखायला शिकायचे असे ठरले आहे. तिसऱ्या दिवशी चौघे एकत्र येतील, चाकांत एक मीटर अंतर ठेवून, आणि वेग लहान मुलगा ठरवेल.